दिवाळीला गिऱ्हाइकांना काय द्यावं? (लाकडी घाणा, सांगली, बजेट साठ हजार)

घाणेवाली:
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा लाकडी घाण्याचा छोटा व्यवसाय आहे. शेंगदाणा, करडई, थोडं खोबरेल. वहीत नोंद असलेली सातशेच्या आसपास घरं, दहा-बारा खानावळी आणि सात-आठ दुकानं. यंदा दिवाळीला आपलं नाव घातलेली एखादी वस्तू सगळ्यांना द्यायची असं घरात ठरलंय. साठ हजारांच्या वर जायचं नाही. मिस्टर म्हणतात कॅलेंडर. दीर म्हणतात टी-शर्ट. छापणारा म्हणतो, मॅडम, पेनं घ्या, हजार नग स्वस्तात पडतील. मला तिन्ही पटत नाही, पण काय पटतंय तेही सांगता येईना. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा. फक्त "माल चांगला द्या, भेटवस्तूची गरज नाही" हे नको. ते सासरे रोज सांगतात.

शाईवाला:
ताई, मी स्क्रीन प्रिंटिंगवाला, माझं पोट याच धंद्यावर आहे. तरी सांगतो, पेनं घेऊ नका. स्वस्तातलं पेन चार ओळींत अडखळतं. पोस्टात फॉर्म भरताना माणूस ते झटकत बसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तुमचंच नाव असतं. टी-शर्टात मापांची भानगड. मधली मापं पहिल्या दिवशी संपतात, उरलेली वर्षभर माळ्यावर. आणि तेल विकत आणणारी घरातली बाई असेल, तर तो टी-शर्ट शेवटी तिचा मुलगा झोपताना घालणार.
कॅलेंडर त्या मानाने बरं. पण प्रत्येक घरात खिळा एकच असतो.

दूध_गॅस_खाडे:
खिळा एकच आणि त्यावर कालनिर्णय. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं, तेव्हापासून आमच्या घरात दुसरं टिकलेलं नाही. दुधाचा रतीब, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशींचे खाडे, सगळं त्या तारखांच्या चौकटीत. पान उलटलं की मागे वाचायला लेख आणि पाककृती. डिसेंबरात आमच्याकडे फुकटची चार-पाच कॅलेंडरं येतात. त्यांचा कागद मात्र उत्तम. फडताळात अंथरायला.
शहाणे दुकानदार म्हणूनच स्वतःचं कॅलेंडर काढत नाहीत. कालनिर्णयच घाऊक घेतात आणि त्यावर आपल्या नावाची पट्टी छापून घेतात. आमचा औषधवाला दरवर्षी हेच करतो. त्याचा फोन नंबर कुणालाच पाठ नाही, पण सगळ्यांना तो कुठे बघायचा ते माहीत आहे.

निवृत्त_काऊंटर:
कॅलेंडरचा विषय निघाला म्हणून. मी सरकारी बँकेत होतो. डिसेंबरअखेर काऊंटरवर जी गर्दी व्हायची ती पगाराच्या दिवशीही नसे. खातं दुसऱ्या शाखेत असलेले लोकसुद्धा हक्काने मागायचे. डायऱ्या तर मॅनेजरच्या कपाटात कुलपात. कुणाला द्यायची त्याची यादी कर्जाच्या फाइलीपेक्षा बारकाईने तपासली जायची. मोठ्या ठेवीदाराला डायरी पोचली नाही, तर तो फेब्रुवारीत ठेव मोडण्याची भाषा करायचा.
मग २ सप्टेंबर २०२० ला अर्थ मंत्रालयाचा आदेश आला. मंत्रालयं, सरकारी कंपन्या, सरकारी बँका, कुणीही कॅलेंडरं, डायऱ्या, शुभेच्छापत्रं छापायची नाहीत, जे काय ते डिजिटल. त्यानंतरच्या जानेवारीत काऊंटरवर शिव्या आम्हीच खाल्ल्या. सांगायचं ते हे की एकदा वस्तू द्यायला लागलात की ती बंद करणं अवघड जातं. पहिल्या वर्षी लोक आभार मानतात, तिसऱ्या वर्षी विचारतात, यंदा काय?

घाणेवाली:
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे दरवर्षी झेपेल असंच निवडायला हवं.

मांजरपाट:
कापडी पिशवी. दुसरं काही शोधू नका. तुमच्या शेजारी इचलकरंजी आहे, मांजरपाट तागा भावाने मिळेल, बचत गटाच्या बायका शिवून देतील. पिशवी वर्षानुवर्षं वापरात राहते. आमच्या लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानांच्या जुन्या पिशव्या अजून घराघरांत निघतात, त्यात कुणी दळण नेतं, कुणी लग्नाचे अल्बम ठेवतं.
एकच सांगणं. बाजारात "कापडी" म्हणून जी रंगीत, हलकी, न विणलेली पिशवी मिळते ती कापड नसते, पॉलिप्रॉपिलीन असतं. कोपऱ्याला काडी लावून बघा. सुती असेल तर जळून राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. ती दुसरी आक्रसते, वितळते आणि काळा टणक मणी होऊन टोकाला लोंबते. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत या न विणलेल्या पिशव्यांचंही नाव होतं. नैसर्गिक घाण्याचं तेल आणि बरोबर प्लॅस्टिकची पिशवी, हे तुम्हालाच शोभणार नाही.

शाईवाला:
मांजरपाटराव बरोबर बोलतायत, पण छपाईचं मी सांगतो. एकच रंग ठेवा. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, वेगळा पैसा, आणि दोन रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत की माल गेला. लोगो व्हॉट्सॲपवरून काढलेला फोटो देऊ नका, ज्याने मुळात काढला त्याच्याकडून कोरल ड्रॉची फाइल मागून घ्या. शाई भट्टीतून नीट काढून घेतलीय का ते विचारा, नाहीतर पहिल्या धुण्यात तुमचं नाव बादलीत. आणि नमुन्याची एक पिशवी घरी नेऊन दोनदा धुवा, मगच बाकीची ऑर्डर. त्याला माझ्यासारखे छापणारे कुरकुर करतात, करू द्या.

पेठेतली_माऊ:
एक बायकी मुद्दा. नाव लहान छापा. एवढं मोठं नाव, खाली तीन फोन नंबर, पत्ता, "आमची कोठेही शाखा नाही", असली पिशवी मी भाजीला नेईन, पण मैत्रिणीकडे जाताना नेणार नाही. एका बाजूला छान नक्षी आणि कोपऱ्यात नाव असेल तर सगळीकडे नेईन. पैसे तुम्ही खर्च केलेत म्हणून तुमच्या जाहिरातीची पाटी मी का वागवू?
आणि देवाचं चित्र अजिबात नको. लक्ष्मी छापलेली पिशवी चपलांना वापरता येत नाही, फाटली तर टाकता येत नाही. आमच्या घरात देवांची जुनी कॅलेंडरं अशीच साठलीयत.

गिरणगावकर:
देवाच्या चित्रांचं माऊताईंनी काढलं म्हणून थोडं अवांतर. आपल्याकडे या जाहिरातबाजीची सुरुवातच देवांपासून झाली. मँचेस्टरहून कापडाचे तागे यायचे त्यांवर रंगीत लेबलं चिकटवलेली असायची, लक्ष्मी, कृष्ण, वाघ, हत्ती. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्रावरून कापड ओळखून मागायचं, आणि कापड संपल्यावर चित्र भिंतीला. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवदेवता साबणवाल्यांच्या आणि औषधवाल्यांच्या कॅलेंडरांवरून घराघरांत पोचल्या. आमच्या आजीच्या देवघरात जी सरस्वती होती तिच्या पायाशी साबणाचं नाव होतं. आजीने त्यावर फुलं वाहिली, साबण मात्र कधी आणला नाही.
आणि बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले ते चिमुकले प्लॅस्टिकचे प्राणी कुणाला आठवतात का? नवा प्राणी हवा म्हणून आम्ही भावंडं ट्यूब संपवायला दोन्ही वेळा घासायचो, तीही बोटभर पेस्ट घेऊन.

दूध_गॅस_खाडे:
बिनाका!! माझ्याकडे अजून दोन आहेत. जिराफ आणि बहुतेक पाणघोडा. भावाशी त्यावरून मारामारी झाली होती.

शाईवाला:
हा धागा बिनाकावर गेला की परत येणार नाही. ताईंना दिवाळीआधी माल हवाय.

एमआर_होतो:
औषध कंपनीत विक्रीत होतो, म्हणजे उभं आयुष्य दुसऱ्याच्या टेबलावर आपल्या नावाची वस्तू ठेवण्यात गेलं. पेनस्टँड, पेपरवेट, टेबल कॅलेंडर, टॉर्च. आमच्यात एक साधा हिशोब होता: वस्तू डॉक्टरच्या टेबलावर राहिली तर आपली, ड्रॉवरमध्ये गेली तर कंपाऊंडरची, घरी गेली तर डॉक्टरच्या पोराची.
पुढे ते टीव्ही-फ्रिज-सोन्याची नाणी इथपर्यंत गेलं आणि व्हायचं तेच झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा मिळणार नाही. मार्च २०२४ मध्ये औषध विभागाची नवी संहिता आली. वैयक्तिक भेटी बंद, पुस्तकं-कॅलेंडर-डायरी असली आठवणीची वस्तू चालेल, पण एका नगाची किंमत हजार रुपयांच्या आत. म्हणजे फिरून पुन्हा कॅलेंडरवरच आलो.
घाणेवाली ताई, तुम्हाला हे लागू नाही. पण तुमची वस्तू घरात नेमकी कुठे ठेवली जाणार, हे ठरवा. ती शोकेसमध्ये असून काय उपयोग? तेलाच्या डब्यापासून हातभर अंतरावर हवी.

बोहारीण:
एमआर काकांनी बोलायची वाट तयार केली, आता मी बोलते. नरसाळं द्या.
घाण्याचं तेल लोक डब्यात नाहीतर कॅनमध्ये नेतात, बरोबर? घरी गेल्यावर ते बुधलीत नाहीतर काचेच्या बाटलीत ओतायचं. त्या वेळी घरात नरसाळं सापडत नाही. असलं तर प्लॅस्टिकचं, तडकलेलं, ज्यातून मागे कधीतरी फिनेल ओतलेलं. मग बाई कागदाचा कोन करते नाहीतर अंदाजाने ओतते, आणि ओटा तेलकट. स्टीलचं छोटं नरसाळं, आत जाळी बसवलेलं, म्हणजे तळाचा गाळही अडेल. काठावर तुमचं नाव.
आणि नाव छापायचं नाही, कोरायचं. स्टीलवर छापलेलं नाव तेल आणि भांड्याच्या साबणापुढे महिनाभर टिकलं तरी खूप. कोरलेलं जात नाही. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात नाव घालून द्यायची पद्धत कधीपासून आहे! टर्रर्र करत ते मशीनचं पेन चालायचं, दुकानदार मान वाकडी करून ताटाच्या काठावर लिहायचा, "सप्रेम भेट", मग देणाऱ्याचं नाव आणि तारीख. माझ्या सासूबाईंच्या मांडणीत त्यांच्या लग्नातले पेले आहेत. देणारे बरेचसे आता नाहीत, पण पाणी प्यायला कुणी आलं की सासूबाई पेला फिरवून नाव वाचतात आणि त्या माणसाची सगळी कुंडली सांगतात. इतकी वर्षं कुठल्या कंपनीची जाहिरात टिकलीय ते सांगा.

पेठेतली_माऊ:
बोहारीणबाई, साष्टांग नमस्कार. मला आत्ता एक नरसाळं हवंय.

मांजरपाट:
कल्पना चांगली आहे, पण स्टील कुठलं ते बघा. लोहचुंबक लावून तपासून घ्या, चिकटलं तर हलकं.

बोहारीण:
चुंबकाचा काही भरवसा नाही हो. चिकटलं नाही म्हणजे चांगलंच असं होत नाही. ३०४ नंबरचं चांगलं स्टील पण चिकटत नाही आणि स्वस्तातलं २०२ नंबरचं पण चिकटत नाही. भांडीवाल्यांकडे थेंब टाकून करायची चाचणी असते. २०२ मध्ये मँगनीज जास्त, त्यामुळे थेंबाचा रंग पालटतो. घाऊकवाल्याला "३०४ असं बिलावर लिहून द्या" म्हटलं की निम्मा उलगडा तिथेच होतो.
सातशे नगांवर हाताने नाव घालत बसू नका. लेझरवाल्याकडे द्या, एका दिवसात होईल, अक्षर सारखं येईल. पण मजकूर मात्र जुनाच ठेवा. वर "सप्रेम भेट", खाली घाण्याचं नाव. घोषवाक्य वगैरे काही नको.

हिशेबनीस:
आता पैशांचं. साठ हजार भागिले सातशे, म्हणजे नगामागे पंच्याऐंशी रुपये, त्यात वस्तू, कोरणं, वेष्टन, वाहतूक, कर सगळं. जाळीचं ३०४ चं नरसाळं त्यात बसवणं कठीण दिसतंय. म्हणून सातशेच्या सातशे घरांना द्यायचं का, हा पहिला प्रश्न. वही काढा. दर महिन्याला येणारे किती आणि वर्षातून एकदा फराळापुरतं तेल नेणारे किती? माझ्या अंदाजाने पहिले तीनशेच्या आत निघतील. त्यांना नीट वस्तू द्या, बाकीच्यांना हात जोडून शुभेच्छा.
दुसरं जीएसटीचं. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर फुकट वाटलेल्या वस्तूवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या करातून वजा करणं, मिळत नाही, कायद्याच्या कलम १७(५) मध्येच ते अडवलंय. पण "पाच लिटरच्या डब्याबरोबर नरसाळं" अशी एकत्र किंमत लावून विकलंत, तर ती भेट धरत नाहीत. मार्च २०१९ च्या परिपत्रकात "एकावर एक फुकट"बद्दल हेच म्हटलंय, दोन वस्तू एका किमतीत विकल्या असं धरायचं, क्रेडिट मिळतं. मात्र तो मिश्र पुरवठा, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एका किमतीत एकत्र विकणं, ठरला तर दोन्ही वस्तूंपैकी जिचा दर जास्त तो लागतो. आपल्या सीएला बिलाचा नमुना दाखवूनच करा.
आणि दुकानदारांना सोन्याचं नाणं वगैरे द्यायचा मोह झाला, तर जुलै २०२२ पासून धंद्यातल्या भेटी वर्षाला माणशी वीस हजारांच्या वर गेल्या की १० टक्के टीडीएसची, म्हणजे देणाऱ्यानेच आयकर कापून भरायची, तरतूद आली. आधीच्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असलेल्या एकट्याच्या किंवा हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालकीच्या धंद्याला ती नव्हती, तरी विचारून घ्या.

घाणेवाली:
वही काढली. दर महिन्याला येणारी घरं दोनशे साठ निघाली. बाकीचे खरंच सणापुरते. मिस्टरांनाही पटलं, फक्त त्यांना नरसाळ्याबरोबर कॅलेंडर पण हवंय. दीर गप्प आहेत.
खानावळींचं काय करू? त्यांना नरसाळ्याचा उपयोग नाही, ते डब्यातून थेट कढईत ओततात.

शाईवाला:
खानावळीला भिंतीवरची पाटी द्या. "येथे लाकडी घाण्याचे तेल वापरले जाते", खाली तुमचं नाव. जेवायला येणारा प्रत्येक माणूस वाचेल. खर्च कमी आणि त्यांचाही मान.

हिशेबनीस:
आणि उद्या त्याने भजी पाम तेलात तळली तर? पाटी तुमच्या नावाची, घसा गिऱ्हाइकाचा बसणार. महिन्याला किती तेल नेतो आणि त्याच्याकडे ताटं किती लागतात, याचा ज्याचा मेळ बसतो त्यालाच पाटी द्या. बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ. त्यावर तुमचं नाव असलं तरी तुम्ही कसली ग्वाही देत नाही.

घाणेवाली:
मेळ चौघांचाच बसतो. एकाचा तर अजिबातच बसत नाही, आत्ता लक्षात आलं. महिन्याला एक डबा नेतो आणि दारात रोज रांग असते.

एडिसनकर:
न्यू जर्सीहून. इकडे देशी किराणा दुकानांत डिसेंबरात कॅलेंडर मिळतं, आणि आम्ही भारतातून आलेल्या कालनिर्णयापेक्षा तेच बघतो, कारण त्यात तिथी इथल्या वेळेच्या असतात. तिकडची एकादशी इकडे कधीकधी आदल्या दिवशी पडते. भारतातलं कॅलेंडर लावून उपास केला आणि दुसऱ्या दिवशी कळलं, असं आमच्या मंडळात होत असतं. एकूण, जिथे लागते तिथली वस्तू द्यावी एवढंच. बाकी नरसाळं इकडे पाठवायचं किती घ्याल?

मांजरपाट:
नरसाळ्याला माझा विरोध नाही, पण ते द्यायचं कशात? पिशवीत ना? मग मांजरपाटाची छोटी पिशवी, दोरीने ओढायची. पुढे त्यात लसूण ठेवतील. आणि दुकानात रोजच्या गिऱ्हाइकाला नाव छापलेली पिशवी देताना तिचे पैसे घेऊ नका. २०१९ मध्ये चंडीगढच्या ग्राहक मंचाने एका बुटांच्या दुकानाला यावरून दंड केला होता. पिशवीचे तीन रुपये घेतले होते. मंचाचं म्हणणं, तुमची जाहिरात गिऱ्हाइकाने पैसे देऊन का मिरवायची? पेठेतल्या माऊचाच मुद्दा, फक्त निकालपत्रात.

पेठेतली_माऊ:
मी फी घेत नाही.

घाणेवाली:
ठरलं. दोनशे साठ घरं आणि वर थोडी, अशी तीनशे नरसाळी, जाळीची, बिलावर ३०४ लिहून घेऊन. मांजरपाटाची दोरीची पिशवी, एका रंगात, नाव कोपऱ्यात. चार खानावळींना पाटी, बाकीच्यांना घड्याळ. दुकानांना मिस्टरांच्या मनासारखं कॅलेंडर, आपल्या नावाची पट्टी छापून. नमुन्याचं नरसाळं उद्या मिरजेहून येतंय. कोरायचा मजकूर असा पाठवतेय: वर "सप्रेम भेट", मग घाण्याचं नाव, मग "दीपावली" आणि यंदाचं साल. बरोबर ना?

बोहारीण:
साल काढा. लग्नातल्या भांड्यावर तारीख शोभते, धंद्यात नाही. उरलेले नग पुढच्या वर्षी नव्या गिऱ्हाइकाला देता येतील. फोन नंबर घालणार असाल तर दुकानाचा घाला, दिरांचा मोबाइल नको, ते नंबर बदलतात. आणि नाव बाहेरच्या काठावर घ्या. आतून घेतलं तर रेघांमध्ये तेल साचून काळं पडेल.